जुना फायर ट्रक, त्यावर बांधलेलं घर, आणि पैसे देण्याआधीची तपासणी

माझा मावसभाऊ आणि वहिनी बरीच वर्षं म्हणत होते की रिटायर झाल्यावर मोठ्या ट्रकवरचं मोटरहोम घ्यायचं आणि लांब लांब फिरायचं. नवीन बांधून घेणं त्यांच्या बजेटबाहेर होतं म्हणून सेकंडहँड शोधत होते, आणि एक गाडी दोघांनाही मनापासून आवडली तेव्हा दादा म्हणाला की टोकन देण्याआधी तू एकदा खालून वरून बघ. माझा धंदा अवजड गाड्यांच्या बॉडीचा आहे. त्या तपासणीत काय बघितलं, काय सापडलं, सौदा कुठे अडला आणि कसा सुटला ते सगळं सविस्तर लिहितोय, कारण अशी गाडी बघायला जाणारे बरेच जण इंजिन ऐकतात, आतलं फर्निचर बघतात आणि हो म्हणून येतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. लोक ट्रक वेगळा बघतात, घर वेगळं बघतात, दोन्ही चांगले निघाले की गाडी चांगली असं धरतात. पण सगळ्यात महागडे घोळ असतात दोघांच्या मधे, म्हणजे घर चेसिसवर कसं बसवलंय आणि सगळं मिळून काट्यावर किती भरतंय. इंजिनची दुरुस्ती कुठलाही जड गाड्यांचा मेकॅनिक करून देईल, पण घर चुकीचं बसवलेलं असेल तर ते उचलून परत बसवावं लागतं आणि वजन मुळातच जास्त असेल तर त्याला पाना चालत नाही.

गाडी काय होती ते सांगतो. दोन अ‍ॅक्सलची, फोर व्हील ड्राइव्ह, जवळपास तीस वर्षं जुनी, आधी फायर ब्रिगेडमधे होती. पंप आणि पाण्याची मोठी टाकी काढून त्यावर फायबरच्या सँडविच पॅनेलची बॉडी बांधलेली, म्हणजे बाहेर फायबर, मधे फोम, आत परत फायबर. व्हीलबेस ३.६ मीटर. कंपनीच्या मूळ प्लेटवर एकूण वजनाची परवानगी १२,००० किलो, पण रजिस्ट्रेशन मात्र कमी करून ७,४९० किलोवर करून घेतलेलं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्याभोवती फिरतं. आत बेड, किचन, शॉवर, ४०० लिटर पाणी, लिथियम बॅटरी, छतावर सोलर, डिझेल हीटर. विकणारा गृहस्थ सज्जन होता, त्यानेही ती दुसऱ्याकडून घेतलेली आणि काही वर्षं वापरलेली, कुठेही आडकाठी केली नाही.

जाहिरातीत मोठ्या अक्षरात "फक्त ३१,००० किमी" असं होतं आणि दादा त्यावर फार खूश होता. फायर ट्रकचं किलोमीटर बघून काही कळत नाही, कारण आगीच्या जागी गाडी उभी असते आणि इंजिन पीटीओवरून, म्हणजे इंजिनची ताकद दुसऱ्या यंत्राला देणाऱ्या जोडावरून, पंप चालवत असतं, चाक फिरत नाही पण पिस्टन फिरतोय. म्हणून अवर मीटर, म्हणजे इंजिन किती तास चाललं ते दाखवणारा मीटर बघायचा. या गाडीवर ३,२०० तासांच्या आसपास होते, ताशी ४० किमी धरले तर सव्वा लाख किमीच्या वर चाललेल्या इंजिनाइतकी झीज. जड डिझेल इंजिनाला तेवढं म्हणजे काहीच नाही, त्यामुळे घाबरायचं कारण नव्हतं, पण ३१,००० वाला भाव देण्याचंही कारण नव्हतं. शिवाय फायर ट्रकची एक सवय असते, कॉल आला की गार इंजिन स्टार्ट करून लगेच फुल पळवायचं. त्याउलट चांगली बाजू म्हणजे गाडी छताखाली उभी असते आणि सर्व्हिस वेळच्या वेळी होते, चेसिसला गंज सहसा कमी असतो, या गाडीला तर अजिबातच नव्हता.

आम्ही पोहोचलो तेव्हा इंजिन कोमट लागलं. त्याने वाईट हेतूने केलं असेल असं मला वाटत नाही, पाहुणे येणार म्हणून गाडी सुरू करून ठेवली असणार. पण मी त्याला सांगितलं की आज इंजिनचं काही बघत नाही, उद्या सकाळी येतो, तोपर्यंत चावी लावू नका. दुसऱ्या दिवशी ब्लॉकला हात लावून गार आहे ना बघितलं आणि मगच स्टार्ट करायला लावली. पहिल्या क्षणी थोडा पांढरा धूर आला आणि लगेच गेला, ते ठीक. निळा धूर राहिला असता तर ऑइल जळतंय, काळा राहिला असता तर डिझेल नीट जळत नाही किंवा हवा कमी पडतेय. ऑइल फिलरचं झाकण सैल करून वर ठेवलं, ते उडत नव्हतं की त्यातून धुराची पिचकारी येत नव्हती, म्हणजे पिस्टनच्या बाजूने गॅस फारसा खाली येत नव्हता. कूलंटमधे तवंग नाही. इंजिनला मी पास केलं, यावर यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं काही नव्हतं.

हवेच्या ब्रेकवर मात्र थोडा वेळ घालवला पाहिजे. प्रेशर पूर्ण भरू दिलं, इंजिन बंद केलं, चाकांना ओट, म्हणजे अडकण लावून हँडब्रेक सोडला आणि गेजवर नजर ठेवून दहा मिनिटं सगळे गप्प उभे राहिलो. काटा किंचित सरकला, पण मागच्या डाव्या चाकाजवळ बारीक सूं आवाज येत होता, साबणाचं पाणी मारलं तर ब्रेक चेंबरच्या बँडपाशी बुडबुडे. चेंबरचा डायफ्राम, म्हणजे आतला रबरी पडदा जुना, रबर वयाने कडक झालेलं. मग हवेच्या टाक्यांचे ड्रेन ओढले, पाण्याचा एक थेंब नाही की ऑइल नाही, म्हणजे एअर ड्रायर चांगला आणि कंप्रेसर ऑइल फेकत नाही. कमी चाललेल्या जुन्या गाडीचं हेच असतं, लोखंड ठणठणीत आणि रबर संपलेलं. त्यामुळे सगळे डायफ्राम, ब्रेकचे होस, रेडिएटरचे होस आणि बेल्ट बदलायचे असं धरूनच हिशोब करावा, जो फुटलाय तेवढाच नाही.

टायरचंही तेच. नक्षी एवढी खोल की दादा म्हणाला टायर नवीनच आहेत. टायरच्या बाजूला डॉट लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष. इथे १४११ होतं, म्हणजे २०११ सालचा चौदावा आठवडा. नक्षी राहिली तरी रबर म्हातारं झालंय, नखाने दाबलं तर बाजूच्या भिंतीवर बारीक बारीक भेगा दिसत होत्या. पुढच्या चाकाचा टायर वेगात फुटला तर एवढी उंच गाडी सावरणं अवघड, त्यामुळे यावर मी कधीच तडजोड करत नाही. टायर बदलायचेच आणि मोठ्या ट्रकचे सहा की चार, सिंगल की ड्युअल, त्याप्रमाणे खर्च बराच बदलतो. या गाडीला मागे सिंगल होते, म्हणजे चार आणि एक स्टेपनी.

काट्यावर

आता खरा मुद्दा. मी दादाला म्हटलं, दादा आधी काट्यावर चल, बाकी सगळं नंतर. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, आधी आतलं किचन तरी बघा ना." मी म्हटलं, "वहिनी, किचन मला पण आवडणार आहे, म्हणूनच नंतर बघतो."

काट्यावर अख्खी गाडी चढवून एकच आकडा घेऊन यायचं नाही. आधी फक्त पुढचा अ‍ॅक्सल, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागचा अ‍ॅक्सल, आणि काट्याच्या दोन्ही टोकांची जमीन काट्याच्या लेव्हलला पाहिजे, नाहीतर गाडी तिरकी होऊन वजन एका बाजूला सरकतं आणि आकडे खोटे येतात. पुढचा आणि मागचा मिळून पूर्ण गाडीच्या जवळपास आले तर काटा बरोबर समजायचं. आणि गाडीत त्यावेळी काय होतं ते पावतीच्या मागे लगेच लिहून ठेवायचं, पाणी किती, डिझेल किती, माणसं किती. हे कोणीच करत नाही आणि मग महिनाभराने त्या पावतीचा काही उपयोग राहत नाही.

आमच्या पावतीवर पुढे ३,४८०, मागे ३,८९०, एकूण ७,३७०. पाण्याची टाकी त्याने साफ करून रिकामी ठेवलेली, डिझेल दोन्ही टाक्या मिळून ३०० लिटरच्या जागी साधारण १०० लिटर, आत कोणी नाही, कपाटं रिकामी, मागच्या कॅरिअरवर मोटरसायकल नाही. आणि कागदावर रिकाम्या गाडीचं वजन लिहिलेलं ६,८५०. विकणारा खरंच चकित झाला. त्याने कधी काटाच केला नव्हता, कागदावरचा आकडा बॉडी बांधली तेव्हाचा, त्यानंतर जादा डिझेल टाकी आली, मागचा कॅरिअर आला, जास्तीची बॅटरी, छतावर अजून सोलर, आणि प्रत्येक वेळी कोणालाच वाटलं नाही की वजन वाढलं.

आता दादाला मी तिथेच पावतीच्या मागे हिशोब करून दाखवला. पाणी एक लिटरला एक किलो, म्हणजे ४००. डिझेल लिटरला साधारण ०.८४ किलो, राहिलेले २०० लिटर म्हणजे १६८. तुम्ही दोघं १५० धरा. कपडे, भांडी, धान्य, अंथरूण, टूल, जॅक, दोरखंड, पुस्तकं हे सगळं ३०० पेक्षा कमीत होत नाही, लोक १०० म्हणतात आणि फसतात. बेरीज १,०१८. म्हणजे प्रवासाला निघालेली गाडी ८,३८८ किलो, आणि परवानगी ७,४९०. जवळजवळ ९०० किलो जास्त, तेही मोटरसायकल न लावता.

मोटरसायकलचा हिशोब अजून वेगळा आहे आणि तो बऱ्याच जणांना माहीत नसतो. मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे लटकवलेलं वजन मागच्या अ‍ॅक्सलवर आहे तेवढंच पडत नाही, जास्त पडतं, आणि पुढचा अ‍ॅक्सल वर उचलतं. १८० किलोची मोटरसायकल मागच्या अ‍ॅक्सलपासून २.४ मीटर मागे, व्हीलबेस ३.६, तर २.४ आणि ३.६ ची बेरीज सहा, १८० गुणिले ६ भागिले ३.६ म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलवर ३०० किलो वाढले आणि पुढचा १२० किलोने हलका झाला. पुढचा हलका झाला की स्टिअरिंग हलकं लागतं, ओल्या रस्त्यावर पुढची चाकं पकड सोडतात. मागे मोठा ओव्हरहँग, म्हणजे मागच्या चाकांच्या मागे लांब आलेली बॉडी असलेल्या गाडीत हे आणखी वाढतं, त्यामुळे गाडी बघताना टेप घेऊन जावा आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्यापासून कॅरिअरच्या मध्यापर्यंत माप घ्यावं.

लोखंडाच्या दृष्टीने बघितलं तर ८,३८८ काहीच नाही, चेसिस आणि अ‍ॅक्सल १२ टनाचे आहेत, प्लेटवर पुढे ४,५०० आणि मागे ८,५०० ची परवानगी. गाडी तुटणार नाही. अडचण कागदाची आहे, आणि कागदाची अडचण छोटी समजू नये, कारण अपघात झाला आणि गाडी परवानगीपेक्षा जड निघाली तर इन्शुरन्स वाले पहिलं तेच बघतात. ७,४९० हा आकडा लायसन्ससाठी धरलेला असतो, युरोपातल्या लायसन्समधे सी१ वर्गाची हद्द ७,५०० किलो आणि त्यावर सी वर्ग लागतो, म्हणून असल्या कितीतरी गाड्या मुद्दाम साडेसात टनाच्या आत दाखवलेल्या असतात. दादा आणि वहिनी दोघांची लायसन्स तेवढ्याच हद्दीची. म्हणजे एकतर गाडीतलं काही जड काढून टाकून थोडंसं पाणी आणि दोन टी-शर्ट घेऊन फिरायचं, नाहीतर वरचं लायसन्स काढून गाडी परत वरच्या वजनावर रजिस्टर करायची. तिसरा रस्ता नाही, आणि "कोण बघतंय" हा रस्ता मी माझ्या माणसांना सांगणार नाही.

घर आणि चेसिसच्या मधलं

ट्रकची चेसिस म्हणजे दोन लाँग मेंबर आणि मधे क्रॉस मेंबर, शिडीसारखी, आणि ती पिळावी म्हणूनच तशी बनवलेली असते. एक चाक दगडावर आणि समोरासमोरचं दुसरं खड्ड्यात गेलं की चेसिस पिळते आणि चारही चाकं जमिनीला टेकून राहतात. वरचं घर मात्र पॅनेल चिकटवून केलेला कडक डबा, तो पिळू शकत नाही. डबा सरळ चेसिसला बोल्ट केला तर दोघांपैकी एक हरतो, कधी डब्याचे कोपरे फाटतात, कधी लाँग मेंबरला चीर जाते. म्हणून मधे सबफ्रेम, म्हणजे घराखालची वेगळी फ्रेम असते आणि ती अशी बसवतात की चेसिस खाली पिळली तरी वर पोहोचणार नाही. कोणी तीन पॉइंटवर बसवतं, कोणी चार पॉइंटवर पिव्हट देऊन, आणि कोणी मागे घट्ट बोल्ट आणि पुढे स्प्रिंग लावून. तिन्ही पद्धती चांगल्या आहेत, नीट केल्या तर.

या गाडीला तिसरी पद्धत होती. मागे घट्ट, पुढे दोन्ही बाजूला मोठे बोल्ट आणि त्यांवर स्प्रिंग. काम सुंदर होतं, ज्याने बांधलं त्याला कळत होतं, भोकं लाँग मेंबरच्या उभ्या भागात, वरच्या खालच्या फ्लँजला एकही भोक नाही, वेल्डिंग नाही. लाँग मेंबरला वेल्डिंग दिसलं की मी पहिल्यांदा थांबतो, कारण ते स्टील मुद्दाम ताकदीचं केलेलं असतं आणि वेल्डच्या गरमीने शेजारची जागा कमजोर होते.

मी टॉर्च घेऊन पुढच्या स्प्रिंग बघितल्या आणि तिथेच खटकलं. चाललेल्या गाडीच्या स्प्रिंगवर कुठेतरी घासून चकचकीत झालेलं असतं, बोल्टवर वर खाली सरकल्याच्या खुणा असतात. डाव्या बाजूला थोड्या होत्या. उजव्या बाजूच्या स्प्रिंगच्या वेटोळ्यांमधे वाळलेला जुना चिखल अखंड होता, रंगही जसाच्या तसा. ती स्प्रिंग कधी दबलीच नव्हती. चार चाकी रस्त्याबाहेर चालवलेल्या गाडीत असं होत नाही.

मग उजव्या बाजूने पुढे पुढे बघत गेलो तर जादा डिझेल टाकी. तिचा ब्रॅकेट खाली लाँग मेंबरला बोल्ट केलेला, ते बरोबर, पण हलू नये म्हणून वरून एक जाड अँगल टाकून तो सबफ्रेमलाही बोल्ट केलेला. ज्याने टाकी लावली त्याने मजबुतीसाठीच केलं असणार. पण त्या एका अँगलने चेसिस आणि सबफ्रेम एकमेकांना बांधले गेले आणि उजव्या बाजूची अख्खी व्यवस्था बंद पडली. मूळ बांधणाऱ्याचं काम चांगलं, नंतर जोडलेल्या एका वस्तूने ते निकामी केलं. जुनी गाडी बघताना म्हणून मी नेहमी विचारतो की बांधल्यानंतर काय काय लावलं, आणि प्रत्येक टाकी, पायरी, बॉक्स, कॅरिअर कशाला बोल्ट केलाय ते स्वतः बघतो. एकतर सगळे बोल्ट चेसिसला पाहिजेत किंवा सगळे सबफ्रेमला. एक पाय इथे आणि एक तिथे असलं की संपलं.

नुसतं बघून थांबायचं नाही, पिळून बघायचं. सपाट कडक जमिनीवर लाकडी स्लीपर रचून पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक साधारण ३० सेंटीमीटर वर चढवलं, हळूहळू, बाकीच्या चाकांना ओट लावून, आणि गाडीखाली कोणीही जायचं नाही, सगळं बाजूने उभं राहून टॉर्चने बघायचं. डाव्या बाजूची स्प्रिंग जेमतेम हलली. उजवी अजिबात नाही. केबिन आणि घराच्या मधे जाण्यायेण्याच्या रस्त्याला रबरी बेलो असतो, तो एका बाजूने ताणला गेला आणि त्याच्या घडीत आधीची फाट दिसली. मग वहिनींना म्हटलं, घराचा दरवाजा लावून बघा. त्यांनी दोनदा ओढला, कुलूप लागेना, जीभ खाचेच्या खाली येत होती. घर पिळत होतं. वहिनी खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे दरवाजा खराब नाहीये, घरच वाकतंय?" त्यांना ते एका क्षणात कळलं, मला समजावून सांगावं लागलं नाही.

त्यावरून पुढचं शोधणं सोपं गेलं. पुढचा उजवा वरचा कोपरा, शिडी लावून बघितला, सेलंटला केसासारखी चीर, वरून नवीन सेलंट मारून झाकलेली, ती परत उघडलेली. आत त्याच कोपऱ्यात ओलावा मोजायचा मीटर लावला तर बाकीच्या भिंतीपेक्षा जास्त. पॅनेल बोटाने टकटक केलं, आवाज भरीव होता, पोकळ नाही, म्हणजे फायबर आणि फोम सुटलेले नाहीत. ओलावा आला होता पण आतपर्यंत मुरला नव्हता. लाँग मेंबरवर ब्रॅकेटच्या भोकाभोवती रंग तडकलेला म्हणून मला जास्त काळजी होती. तिथला रंग काढून लाल डाय मारली, पुसली, पांढरा डेव्हलपर मारला, चीर असेल तर तिच्यात शिरलेली डाय पांढऱ्यावर लाल रेघ होऊन दिसते. लाँग मेंबर स्वच्छ, लाल रेघ आली नाही. ब्रॅकेटच्या वेल्डला मात्र ठळक लाल रेघ. म्हणजे सगळ्यात कमकुवत जो होता तो आधी तुटत होता, आणि तो ब्रॅकेट होता हे या गाडीचं आणि दादाचं नशीब. लाँग मेंबरला रेघ आली असती तर मी तिथेच घरी चला म्हटलं असतं.

अजून एक गोष्ट, जी लोक विचारत नाहीत, केबिन टिल्ट होते का. या प्रकारच्या ट्रकचं इंजिन केबिनखाली असतं, केबिन पुढे पाडल्याशिवाय मोठं काम होत नाही. घराचा पुढे आलेला भाग, छतावरचा रॅक, समोरचा बंपर, मधला बेलो, यातलं काहीही अडू शकतं. आम्ही विकणाऱ्याला पाडून दाखवायला सांगितली. बेलोच्या क्लिप काढल्या की पडत होती, चांगलं केलेलं.

आतलं

घराच्या आतलं मी लवकर उरकतो कारण ते चांगलं होतं. बॅटरीवर ३०० अँपिअर अवर लिहिलेलं, २५.६ व्होल्ट, म्हणजे साडेसात युनिटच्या वर. लेबलवर विश्वास ठेवायचा नाही, सोलर आणि चार्जर बंद करून इन्व्हर्टरवर १,५०० वॉटचं काहीतरी एक तास चालवायचं. इन्व्हर्टरची थोडी गळती धरून पावणेदोन युनिटच्या आत खर्च व्हायला पाहिजे, म्हणजे २१-२२ टक्के. मीटरवर तेवढंच उतरलं. बॅटरी खरी होती. पण तिथून पुढच्या विंचला (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र) गेलेल्या जाड केबलला बॅटरीजवळ फ्यूजच नव्हता, तो बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत पाहिजे, नाहीतर केबल कुठे घासली की आग. आणि लिथियम फॉस्फेट बॅटरी शून्याच्या खाली चार्ज करायची नसते, ही बॅटरी बाहेरच्या लॉकरमधे होती आणि बीएमएसमधे, म्हणजे बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटमधे, थंडीत चार्जिंग तोडायची सोय आहे की नाही ते कागदावरून तपासून घेतलं, होती.

गॅसच्या कपाटाला खाली व्हेंट नव्हता. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो, म्हणून भोक तळाला लागतं आणि कपाट घराच्या आतल्या बाजूने बंद लागतं. इथे व्हेंट वर होता आणि सिलेंडरमागे किचनकडे केबलचं एक भोक उघडं. अर्ध्या दिवसाचं काम, पण ते झाल्याशिवाय आत झोपायचं नाही असं मी वहिनींना सांगितलं. डिझेल हीटरचा एक्झॉस्ट नेमका उघडणाऱ्या खिडकीच्या खाली निघत होता, तोही वळवायचा. पाण्याच्या पंपाचं सोपं आहे, नळ सगळे बंद करून पंप चालू ठेवायचा, मधूनच सुरू झाला तर कुठेतरी गळतंय. तो गप्प राहिला.

शेवटी टेस्ट ड्राइव्ह, तासाभराचा, उतरल्यावर चारही हबवर, म्हणजे चाकांच्या मधल्या भागावर हात. एक हब बाकीच्यांपेक्षा जास्त गरम असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक चिकटतोय. चारही सारखे. डिफ लॉक, म्हणजे दोन्ही बाजूची चाकं एकत्र फिरायला लावणारे लॉक, लागतात आणि सुटतात हे मातीवर बघितलं, रस्त्यावर बघायचं नाही.

सौदा

विकणाऱ्याने त्याचा हिशोब मांडला की मी बॅटरीत इतके घातले, सोलरमधे इतके, टाकीत इतके. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, पण आपल्या गाडीत घातलेले पैसे दुसऱ्याकडून तसेच निघत नाहीत, आणि ज्या टाकीचे पैसे तो मागत होता तिनेच गाडी बिघडवलेली. दादाने आवाज न चढवता तीन गोष्टी सांगितल्या. टायर, डायफ्राम आणि होसचा खर्च किमतीतून वजा. टाकीचा ब्रॅकेट विकणाऱ्याने आधी दुरुस्त करून घ्यायचा, सबफ्रेमपासून पूर्ण सोडवून, आणि पिळायची टेस्ट आमच्यासमोर परत. आणि वरच्या वजनावर रजिस्ट्रेशन होऊ शकतं हे त्या खात्याकडून लेखी आल्याशिवाय पूर्ण पैसे नाहीत, फक्त टोकन, आणि लेखी नाही आलं तर टोकन परत. हे सगळं कागदावर, सह्यांसकट.

त्याने दोन दिवस मागितले. तिसरी अट त्याला जड गेली, पण काट्याची पावती त्याच्याही हातात होती आणि पुढचा कुठलाही गिऱ्हाईक काटा करेल हे त्याला कळलं होतं. तो तयार झाला.

ब्रॅकेट बदलून आल्यावर परत स्लीपर रचले. तेच चाक, तीच उंची. यावेळी उजव्या बाजूचा वाळका चिखल टपटप गळून पडला आणि स्प्रिंग दबली, सबफ्रेम आणि लाँग मेंबरमधे दोन सेंटीमीटरच्या वर फट उघडली. बेलो दोन्हीकडे सारखा. वहिनींनी दरवाजा लावला, उघडला, परत लावला, टक करून लागला. चाकं खाली आणल्यावर फट परत बंद, कोपऱ्यातला जुना सेलंट सगळा खरवडून काढला आणि भिंत वाळेपर्यंत नवीन मारला नाही, ओल्यावर मारून काही उपयोग नसतो.

वजनाचा कागद यायला वेळ लागला पण आला, अ‍ॅक्सलच्या मूळ परवानगीच्या आत आणि नवीन टायरचा लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो तो आकडा, पुरतो याचा कागद लावून. दादा आणि वहिनी दोघांनीही मोठ्या गाडीचं ट्रेनिंग लावलं, वहिनींची टेस्ट आधी पास झाली. साडेसात टनाच्या वर गेल्यावर काही रस्ते आणि छोटे पूल बंद होतात, टोल वेगळा लागतो, इन्शुरन्स नव्याने काढावा लागतो, हे सगळं त्यांनी सही करण्याआधी बसून लिहून काढलं आणि तरीही गाडी हवी असं दोघांनी ठरवलं. मोटरसायकलचा कॅरिअर उतरवून ठेवलाय, त्याजागी दोन सायकली लावायच्या की काहीच नाही यावर अजून चर्चा चालू आहे. मी मात्र सांगून ठेवलंय की पाण्याची टाकी भरून, डिझेल भरून, सगळं सामान आणि दोघं आत बसून एकदा परत काट्यावर जायचं, आणि ती पावती गाडीच्या कागदांमधे ठेवायची.